राखाडी

नवरात्रात आमच्या मॅचिंग सेंटरची काच
रोज रात्री साडेनवाला बदलते.
शटर अर्धं खाली ओढून
नानजीशेठ गल्ला मोजायला बसतात
आणि मी चपला काढून काचेत शिरते.

आत जागा दोन हात लांब, दीड हात खोल.
पुतळीला मिठी मारल्याशिवाय निऱ्या खोचता येत नाहीत.
तिची डावी करंगळी मागच्या दिवाळीत गेली,
तो हात मी पदराखाली ठेवते.
टाचण्या ओठांत.
भांडुपचे रिक्षावाले सिग्नलला थांबून बघतात
दोन बायका, त्यातली एक हलणारी.

समोरच्या मेडिकलवाल्याने यंदा
खोकल्याच्या रिकाम्या बाटल्यांचा गरबा मांडलाय,
मधोमध थर्मास, थर्मासवर नारळ.
हार्डवेअरवाला इराप्पा पितळी नळांना झेंडू घालतो,
सुकला की प्लास्टिकचा लावतो
आणि म्हणतो, कुणाला कळतंय.
सगळ्यांना कळतं.
सलूनच्या आरशाभोवती पळणारे दिवे
गालाला फेस लावलेल्या माणसाला
हिरवा करतात, मग लाल,
मग परत माणूस.

नऊ दिवस, नऊ रंग.
सकाळी शटर पुरतं वर जायच्या आत
शाळेतल्या, पार्लरमधल्या, पतपेढीतल्या बायका
खालून वाकून विचारतात,
मोरपंखी आहे? मोरपंखीच हं, चिंतामणी नको.
आम्ही रंग नावाने ओळखत नाही.
तिसरं कपाट, वरून पाचवा.

राखाडीचं मात्र दरवर्षी असंच होतं.
एरवी कोणी मागत नाही म्हणून शेठ मागवत नाहीत,
आणि मग एका दिवशी अख्ख्या रस्त्याला तोच हवा.
पाचव्या माळेच्या रात्री खण उघडला,
तीन ब्लाऊजपीस आणि एक झुरळ.
शेठ म्हणाले, काळ्या-पांढऱ्या चौकटीची नेसव,
लांबून राखाडीच दिसेल.

मी पुतळीला परकरावरच सोडून घरी गेले.
पत्र्याच्या पेटीत तळाला आईची साडी होती,
मुलुंडच्या गोळ्यांच्या कारखान्यातली, पॅकिंग खात्याची.
काठ नाही. पदराच्या कोपऱ्यात
कंपनीचं नाव होतं कधीतरी,
आता नुसते टाके.
आई झोपली होती. विचारलं नाही.

सकाळी सातला येऊन नेसवली.
पायाशी चार पणत्या, पाठीमागे चंदेरी कागद,
दागिने खोटे, गजरा खरा.
आणि बावीस वर्षं दुसऱ्या पाळीला
डब्याची पिशवी धरून बसथांब्यावर उभी असलेली ती साडी
दिव्यांत अशी काही उठली
की शेठनी चष्मा पुसून विचारलं,
हा माल कोणाकडचा?

दुपारपर्यंत चार जणींनी किंमत विचारली.
विकायची नाही, म्हटलं.
मग काचेत कशाला ठेवलीत?
पतपेढीतल्या तुळसकर मॅडम, आवाज चढवून.
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मी त्यांना राखाडी रिबन दाखवली. दीड मीटर घेतली त्यांनी.

संध्याकाळी आई दळण घेऊन परतत होती.
रस्त्यापलीकडे इराप्पाच्या नळांसमोर थांबली.
किती वेळ, ते सांगता येणार नाही,
दुकानात गिऱ्हाईक होतं,
मी फॉलबीडिंगचे पैसे घेत
अधूनमधून मान वर करून बघत होते तिचं बघणं.
ओरडेल वाटलं. रडेल, असंही वाटलं थोडं.
मग तिने रस्ता ओलांडला,
पिठाची पिशवी काउंटरवर ठेवली.
म्हणाली,
निऱ्यांचं तोंड उलटं घेतलंस.

आणि चपला काढून काचेत शिरली.
टाचण्या मागितल्या नाहीत.
तिच्या बांगडीला तीन पिना होत्या,
कायमच असतात.